जमिनीवर बसायचा क्लास

नाशिक, ९ जून

सगुणा,

मायना लिहीत नाही. गेल्या नवरात्रापासून तू माझा एकही फोन उचललेला नाहीस. जिने सगळी नोकरी टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून देण्यात घालवली, तिच्याशी असं वागायचं म्हणजे हद्द झाली. म्हणून हे पत्र. पत्र उचलावं लागत नाही, पोस्टमन दारात टाकून जातो.

कामाचं आधी. येत्या घटस्थापनेला मी मखमलाबादला येणार आहे आणि वणीच्या देवीची झेंडूची पहिली माळ मीच ओवणार आहे. घरच्या मोठ्या लेकीने ओवायची, घरच्या सुनेने समोर बसून एकेक फूल तिच्या हातात द्यायचं, दोघींनी जमिनीवर बसायचं, ही आपल्या घरची पद्धत माझ्या आजीच्याही आधीपासूनची. ती तू गेल्या वर्षी मोडलीस. मी खुर्ची मागितली, तर झेंडूच्या तोडणीला आलेल्या सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "वन्सं, देवीची माळ हाय ती, हापिसातली फाईल नाय. खुर्चीत बसून ओवत नसत्यात." आणि माझ्या हातातली सुई काढून तुझ्या सुनेला दिलीस. स्नेहल बिचारी नवी नवरी. सासूकडे बघावं की आतेसासूकडे, तिला कळेना. म्हणजे लेकीची माळ सुनेने ओवली आणि तीच वणीला गेली. पद्धतीबद्दल मला शिकवणारी तूच ना?

खुर्ची का हवी होती, हे तू विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. मी रिक्षात बसत असताना तू मागून म्हणालीस, "कॉन्व्हेंटवालीला मातीत बसवंना." ते मला ऐकू आलं. माझे कान अजून उत्तम आहेत. बाकीच्या अवयवांबद्दल बोलायचं इथे कारण नाही.

तर यंदा मी जमिनीवर बसणार. मांडी घालून. त्यासाठी आजपासून योगाच्या क्लासला जायला लागले. म्हणजे डॉक्टरांनी रक्तदाबासाठी सांगितलंय. रक्तदाब कोणामुळे वाढला ते तुला ठाऊक आहे.

क्लास आमच्या मागच्या गल्लीतल्या गणपती मंदिराच्या हॉलमध्ये, सकाळी सहाला. नवीन माणसाने तिथे काय न्यायचं, काय खायचं, कसले कपडे घालायचे, कोणी सांगत नाही. मी माझ्या बुद्धीप्रमाणे पिना लावून कॉटनची साडी नेसले आणि अंगात ताकद हवी म्हणून पोहे खाऊन, चहा पिऊन गेले. शिकवणारी मुलगी निकिता. माझ्या भाचीच्या वयाची असेल. दारातच म्हणाली, "काकू, पोटात काय आहे?" मी म्हटलं, "हा प्रश्न मला माझ्या सासूनेही असा दारात विचारला नव्हता." ती हसली नाही. नुकतं खाऊन आलेल्या माणसाने वाकायचं नसतं म्हणे. त्यामुळे पहिल्या दिवशी मी फक्त श्वास घेतला. फी भरून.

खाली सही 'लीना' अशीच करते. नन्सना शाळेच्या हजेरीत लंका हे माझं खरं नाव नको होतं म्हणून त्यांनी हे दिलं. तू 'लीनामॅडम' म्हणून चिडवतेस, म्हणून मुद्दाम.

लीना

२० जून

सगुणा,

पत्र मिळालं असणार. तुझं उत्तर आलं नाही हेही ठीकच, मला मध्ये कोणी बोललेलं आवडत नाही.

आता मी पंजाबी ड्रेस घालून जाते. आश्चर्य वाटून घेऊ नकोस, चांगला दिसतो. पोटात फक्त कोमट पाणी. क्लासला आम्ही सात-आठ जण आहोत. माझ्या शेजारी सुमनबाई म्हणून रिटायर्ड नर्स असतात, अंगाने चांगल्या दुप्पट, पण वाकल्या की तळहात जमिनीला टेकतात. मी पहिले दोन दिवस त्यांच्याकडेच बघत होते. निकिता येऊन म्हणाली, "काकू, दुसऱ्याच्या चटईवर बघायचं नाही." शाळेत सिस्टर हेच म्हणायच्या, फक्त तिथे चटईऐवजी वही होती. पुढे कोंडाजी अण्णा असतात. द्वारका सर्कलला टायरचं दुकान आहे. पाय पोटाशी घ्यायचं जे आसन असतं त्यात त्यांचा असा काही आवाज झाला की मला वाटलं दुकानातला टायरच फुटला. मी हसले. कोणीही हसलं नाही. इथे ते चालतं म्हणे, प्रत्येकाचं कधी ना कधी होतं. शेवटी सगळ्यांनी निपचित पडून राहायचं असतं, तेव्हा हेच अण्णा घोरतात. तेही चालतं. मी म्हटलं, मग या क्लासात चालत नाही ते काय? तर बोलणं.

ओंकारात मात्र मी सगळ्यांना मागे टाकलं. चर्चच्या गाण्यात खालचा सूर माझाच असायचा. सगळ्यांचा ओम संपला तरी माझा चालू होता. निकिताने डोळे उघडून बघितलं.

आता मुद्द्याचं. मांडी घालून बसायला इथे सुखासन म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याला गुडघे नसावेत. मी बसले तेव्हा माझे गुडघे जमिनीपासून इतके वर राहिले की खालून मांजर गेलं असतं. आणि दुखतं म्हणजे काय दुखतं! गेली दोन वर्षं दुखतं. शाळेत प्रार्थनेला लाकडी फळीवर गुडघे टेकायचो, नंतर सगळी नोकरी खुर्चीत. एवढंच कारण. मातीचा आणि माझा काही वाद नाही, मी त्याच मातीत लहानाची मोठी झाले. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं, आणि पेनने लिहिलंय.

उद्या योगदिन. मैदानावर या म्हणून निरोप आहे. मी जाणार नाही. फोटोसाठी मी हातपाय वर करत नाही.

लीना

८ जुलै

सगुणा,

क्लास सोडला. आठवड्याने पुन्हा धरला. झालं ते सांगते, म्हणजे सोमनाथच्या तोंडून तुला भलतंच ऐकायला नको. माझा भाऊ गावात सगळ्यांत कमी बोलतो, पण बोलतो ते नेमकं उलटं.

सोमवारी एका पायावर उभं राहायचं होतं, झाडासारखं. मी झाड झाले आणि सुमनबाईंवर पडले. सुमनबाईंना काही झालं नाही, त्यांच्यावर कोणीही पडावं. पण निकिता आतून एक लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली, सगळ्यांच्या मधोमध ठेवली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही काही दिवस खुर्चीवर करा. आपण सगळं खुर्चीवर करू शकतो."

तुझ्या डोळ्यांसमोर येईल माझं तोंड. मी चटई गुंडाळली. म्हटलं, "खुर्चीतच बसायचं असतं तर मी इथे कशाला आले असते? घरी चार आहेत, गादीच्या." आणि निघून आले. चपलासुद्धा सुमनबाईंच्या घालून आले. दोन नंबर मोठ्या होत्या, तेही कळलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी निकिता चपलांची अदलाबदल करायला घरी आली. चहा दिला. ती म्हणाली, "काकू, खुर्ची म्हणजे शिक्षा नसते."

मी म्हटलं, "माझ्या माहेरी असते."

मग सांगावं लागलं. झेंडू, वणीची माळ, तू, सुई, सगळं. तुझी बाजू मी फारशी लावून धरली नाही, ते तुझं तू बघ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माळ ओवायला साधारण किती वेळ लागतो?" मी म्हटलं, "बोलत ओवली तर तासभर. न बोलता ओवली तर अर्धा." "आणि अंगाखाली काही घेतलेलं चालतं?" मी म्हटलं, "पोतं. आम्ही सगळ्या पोत्यावरच बसतो." तशी ती एकदम उठली आणि म्हणाली, "मग हे आधी का नाही सांगितलं? पोत्याची घडी चालते ना?"

सगुणा, गंमत बघ. मांडी गुडघ्यांनी घालायची असते असं मी समजत होते. ती कमरेतून येते. बूड जरा उंचावर ठेवलं की गुडघे आपोआप खाली उतरतात. तिने माझी घोंगडी काढली, घडी केली, मला भिंतीला टेकवून तिच्यावर बसवलं आणि दोन्ही गुडघ्यांखाली उशा सरकवल्या. दुखलं, पण मांजर जाईल एवढी जागा राहिली नाही.

सोमवारी मी क्लासला गेले आणि खुर्चीवर बसून जेवढं करायचं तेवढं केलं. मग खाली घडीवर बसले. इथे बसलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही, हे मला आत्ता कळतंय. सगळे आपापलं दुखणं धरून बसलेले असतात.

लीना

१७ ऑगस्ट

सगुणा,

सोमनाथ काल येऊन गेला. पिशवीभर दोडकी आणि गवार. दोडकी छान होती, गवार जून होती, ती तू मुद्दाम पाठवलीस असं मी धरून चालते.

मी विचारलं, "माझी पत्रं पोचतात का?"

"पोचत्यात."

"ती वाचते?"

"वाचती."

"आणि?"

"परत वाचती."

मग चहा पिऊन झाल्यावर, दारात चप्पल घालताना, माझ्याकडे न बघता म्हणतो, "अक्का, ती इचारत व्हती, त्या घोंगडीची घडी किती जाड लागती?"

"कोण विचारत होती?"

"आसंच. कुणीतरी."

तुला काय करायचंय माझ्या घडीची जाडी? बायकांना सांगून हसायचंय? वन्सं एवढ्या-एवढ्या उंच गादीवर बसून देवीची माळ ओवणार म्हणून? मग ऐक. वीतभर होती. आता निम्म्यावर आली. नवरात्रापर्यंत एका पोत्याच्या घडीवर येईल. मोजून घे, हवं तर पट्टी घेऊन ये.

आणि सोमनाथ आणखी एक बोलून गेला. तू म्हणे हल्ली तोडणीला शेतात उतरत नाहीस, शेडमध्ये टेबल मांडून उभ्याने माल निवडतेस. टेबल! मला खुर्ची नाही आणि तुला टेबल? देवीच्या झेंडूला टेबल चालतं वाटतं. हा न्याय कुठला ते एकदा मला समजावून सांग. मी टेलिफोन खात्यात युनियनशी भांडलेली बाई आहे, मला समजावणं सोपं नाही, पण प्रयत्न करून बघ.

क्लास उत्तम चाललाय. आता नवीन आलेल्यांना मीच दारात विचारते, पोटात काय आहे. एक बँकवाले गृहस्थ पहिल्याच दिवशी डोक्यावर उभं राहायला निघाले होते. मी म्हटलं, "आधी पायांवर उभं राहून दाखवा." निकिता म्हणाली, "काकू, हे मला म्हणायचं होतं, पण मला म्हणता येत नाही." म्हणून मी क्लासात उपयोगाची आहे.

लीना

१२ सप्टेंबर

सगुणा,

आता थोडेच दिवस राहिले. तयारी कळवते.

कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीतून एक रिकामं पोतं आणलं. दिवाणखान्यात पसरलं. घरभर गव्हाचा वास सुटलाय आणि शेजारच्या बाई विचारून गेल्या, स्थलांतर आहे का? रोज संध्याकाळी त्या पोत्याच्या घडीवर बसून बाजारातल्या झेंडूची माळ ओवते. पहिल्यांदा बातम्या संपेपर्यंतही बसवलं नाही. काल पूर्ण माळ झाली. गणपतीला घातली, मंदिरातल्या. निकिताने सगळ्या क्लासला दाखवली. कोंडाजी अण्णा म्हणाले, "ताई, दुकानाला एक करून द्या." मी म्हटलं, "टायरला माळ घालायची माझी तयारी नाही."

एक गोष्ट जमत नाही, ती तुला आत्ताच सांगते, म्हणजे ऐन वेळी बायकांसमोर तमाशा नको. बसते, पण उठणं कठीण जातं. कुशीवर व्हायचं, हात टेकायचे, मग एक पाय पुढे घ्यायचा, असं सगळं शिकलेय. घरी सोफा धरते. शेडमध्ये सोफा नाही. बघू. निदान मला उठताना बघायला कोणी थांबू नये, एवढी व्यवस्था कर.

रात्रीच्या पावसाने फुलं भिजली तर आधी पंख्याखाली वाळवून घ्या, ओली फुलं सुईवर सडतात. हे तुला सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

घटस्थापनेला सकाळी सातला येते. रिक्षा पाठवू नका. सुई मी माझी आणतेय.

लीना

२३ सप्टेंबर

सगुणा,

काल निघताना म्हणालीस, "वन्सं, त्या क्लासात पहिल्या दिवशी काय काय करत्यात ते लिवून पाठवा. फोनवर नको, फोनवर तुम्ही दुसऱ्याला बोलूच देत नाय." म्हणून लिहिते. पण आधी कालचं लिहून ठेवते, कारण तू स्नेहलला ते वेगळंच सांगशील.

मी आले तेव्हा शेडमध्ये फुलांचा ढीग होता, पोती अंथरलेली होती, बायका बसलेल्या होत्या आणि तू टेबलाला धरून उभी होतीस. मी कोणाशी न बोलता माझ्या पोत्याची घडी केली आणि बसले. मांडी घालून. एका झटक्यात बसले, असं लिहायला आवडलं असतं, पण बायका साक्षीला आहेत. हळूच बसले. पण बसले. सुईत दोरा ओवला आणि हात पुढे केला.

तू जागची हलली नाहीस. म्हणालीस, "स्नेहल, जा, आत्याबाईंना फुलं दे."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "घरची सून कोण? तू की ती? पुढच्या पिढीला तिची पाळी येईलच. आता तू ये. माझ्यासमोर बस."

तू म्हणालीस, "मला न्हाई येत."

"येत नाही की यायचं नाही?"

"बसता येत न्हाई, वन्सं. होळीपासनं. गुडघं गेलं माझं." आणि तोंड फिरवलंस. "कुणाला सांगू? गेल्या साली तुम्हाला तसं बोलले. आता कोणत्या तोंडानं खुर्ची मागू?"

शेडमधल्या सगळ्या बायका झेंडूकडे बघायला लागल्या. मला तेव्हा तुझं टेबल कळलं. घोंगडीची जाडीही कळली. मी इतकी हुशार बाई, मला पत्रात लिहितानासुद्धा कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "उभ्याने दे."

"देवीची माळ? उभ्यानं?"

"अगं, वणीला काय बघून येतेस दर वर्षी? देवी स्वतः उभी आहे. डोंगराला पाठ लावून, अठरा हात घेऊन, उभी. ती कधी खाली बसलीय? तिला उभ्याने दिलेलं फूल चालत नाही होय?"

तू फिरवलेलं तोंड माझ्याकडे वळवलंस. मग म्हणालीस, "हे गेल्या साली का न्हाई सुचलं तुम्हाला?"

"गेल्या वर्षी मी रागात होते."

मग तू हसलीस. टोपली टेबलावर ठेवून एकेक फूल वरून माझ्या हातात देत राहिलीस, आणि मी खालून घेत राहिले. माळ मांडीत गोळा होत गेली. न बोलता ओवायची माझी तयारी होती, अर्ध्या तासात झाली असती. तू बोलायला लागलीस म्हणून दीड तास लागला. सोमनाथ टेम्पो सुरू करून दोनदा हाक मारून गेला.

उठण्याचं लिहीत नाही. लिहितेच. कुशीवर झाले, हात टेकले आणि तिथेच अडकले. तू हात दिलास. मी वर आले आणि तुझा गुडघा कडकन वाजला, तो शेडच्या शेवटच्या बाईपर्यंत ऐकू गेला. "लीनामॅडम, लय जड झालाय तुम्ही," असं तू म्हणालीस, ते मी वजनापुरतं मान्य करते.

आता क्लासचं. सोमवारी सकाळी सहा. सोमनाथचा टेम्पो पहाटे फुलबाजारात माल टाकतो, तो तुला मंदिरापाशी सोडील. काही खाऊन येऊ नकोस. चहासुद्धा नाही. हे तुला जड जाईल, पण निकिता दारात विचारते आणि तिला खोटं बोललेलं ओळखू येतं. लुगडं नको. स्नेहलचा सलवार-कमीज घाल, ती नाही म्हणणार नाही, आणि म्हणाली तर मला सांग. चपला ओळखून ठेव. चटई माझ्याकडे जास्तीची आहे.

तुला सगळ्यांपेक्षा कमी येईल. येऊ दे. कोणी बघत नाही, आणि बघितलं तर मी आहे. जिथे ताणल्यासारखं वाटतं तिथे थांबायचं, जिथे दुखतं त्याच्या अलीकडे, असं ती सांगते. तू जन्मभर दुखण्याच्या पलीकडे काम केलेली बाई आहेस, तुला हे कळायला वेळ लागेल. मलाही लागला. कोंडाजी अण्णांचा आवाज झाला तर हसू नकोस. फारच आलं तर ओंकारात हस, माझ्या आवाजात कोणाला ऐकू येणार नाही. शेवटी पडून राहायचं असतं, तेव्हा झोप लागली तर लागू दे. तुझी झोप बरीच राहिलीय.

आणि पहिल्या दिवशी निकिता तुला लाल प्लास्टिकची खुर्ची देईल. सगळ्यांच्या मधोमध ठेवील. तोंड पाडू नकोस, मी केला तसा तमाशा करू नकोस. घे आणि बस.

मी शेजारीच खाली असेन. काही द्यायचं असलं तर वरून दे.

लंका